पंगतीतून उठलेलं कॉलेज

18 मार्च 2025 च्या रात्री ओहायोतल्या डेटन शहरात सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ अलाबामा स्टेटकडून 70-68 असा हरला. शेवटच्या काही सेकंदांत मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला भिरकावलेला चेंडू घोळक्यात कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि नेमका प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला. 34 वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत पोचलेल्या संघाची वारी तिथेच संपली. त्यानंतर आठवडाभरात, 25 मार्चला, विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जाहीर केलं की आपण डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जाणार. भारतातल्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की अमेरिकी कॉलेज-क्रीडेच्या तीन पंगती आहेत. पहिलीत साडेतीनशेच्या वर कॉलेजं बसतात. तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळते, टीव्हीचे कॅमेरे असतात, आता तर उघड पैसाही असतो. तिसरीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या लोरेटो गावचे हे फ्रान्सिस्कन (म्हणजे कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाचे) पाहुणे मुख्य ताट समोर आल्या आल्या पहिल्या पंगतीतून उठले, आणि मधली पंगत ओलांडून थेट तिसरीत जाऊन बसले.

मी पिट्सबर्गला राहतो. लोरेटो इथून दीडेक तासावर. त्यामुळे गेलं वर्षभर हा वाद माझ्या कानावर पडतो आहे, ऑफिसात आणि अगदी आमच्या दिवाळीच्या फराळालासुद्धा. एका गृहस्थांची मुलगी शाळेच्या संघात पोहते. चकलीचा तुकडा मोडत ते म्हणाले, ‘‘पोरीला पहाटे पाचला तलावावर नेतो ते काय तिसऱ्या पंगतीसाठी? पळपुटेपणा आहे हा निव्वळ.’’ समोरच्या बाई इथल्याच एका कॉलेजात शिकवतात. त्यांनी लगेच ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ऐकवलं आणि वर जोडलं, ‘‘निदान एका कॉलेजने तरी खेळाचं पावित्र्य राखलं.’’ थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दोन सूर. एकाला यात भ्याडपणा दिसतो, दुसऱ्याला त्याग.

मला दोन्ही पटत नाहीत. निर्णय बरोबर होता, असंच माझं मत आहे. पण विश्वस्तांच्या निवेदनात खेळावरच्या निखळ प्रेमाचा जो सूर लागला होता, त्या कारणासाठी तो बरोबर नव्हता. पैसे कमी पडले म्हणून उठलो, एवढंच त्यामागे असेल तर तेही अपुरं आहे. कॉलेजने खेळाडूला बोलावलं की त्याच्याशी एक करार होतो, बहुतेक वेळा न लिहिलेला: तू आमच्यासाठी खेळ, आम्ही तुला चार वर्षं सांभाळू, शिकवू आणि पुढेही आपला मानू. हा शब्द पाळण्याची ताकद पहिल्या पंगतीतल्या लहान कॉलेजांत आता उरलेली नाही. शब्द पाळता येत नसेल तर तो देऊ नये. मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. बाकीचे मुद्दे हिच्यामागून येतात.

हा करार कधीकाळी खरा होता याचा पुरावा लोरेटोतच, फ्रायरांच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या, दफनभूमीत आहे. हजारभर वस्तीचं हे गाव 1799 साली डिमिट्रियस गॅलिट्झिन नावाच्या एका रशियन सरदारपुत्राने वसवलं. राजघराण्यातला हा माणूस अमेरिकेत येऊन पाद्री झाला होता. पुढे 1847 मध्ये आयर्लंडहून आलेल्या सहा फ्रान्सिस्कन ब्रदर्सनी इथे शाळा काढली, तीच आजचं विद्यापीठ. एका बाजूला अल्टूनाची रेल्वे, दुसऱ्या बाजूला जॉन्सटाउनचं पोलाद. दोन्ही उद्योग ओसरले तशी सगळ्या भागालाच ओहोटी लागली. (गावाजवळच्या एका जुन्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, 1984 पासून केंद्र सरकारचा तुरुंग आहे. एवढं सांगितलं की त्या भागाचं अर्थकारण निराळं सांगावं लागत नाही.) 1951 साली पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस हायस्कूलमधून मॉरिस स्टोक्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा या आडगावी शिकायला आला. 1955 मध्ये त्याने या चिमुकल्या कॉलेजला न्यूयॉर्कच्या एनआयटी स्पर्धेत चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. संघ चौथा आला, तरी स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड स्टोक्सचीच झाली. मग एनबीए, पहिल्याच वर्षी ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवा खेळाडू), आणि तीन हंगामांतच शेवट. मार्च 1958 मध्ये एका सामन्यात तो डोक्यावर आपटला, शुद्धीवर आला, तीन दिवसांनी पुन्हा खेळला आणि परतीच्या विमानात कोसळला. त्यानंतरची बारा वर्षं पक्षाघाताने जखडलेली होती. त्याचा गोरा सहकारी जॅक ट्वायमन कायदेशीर पालक झाला. उपचारांसाठी मदतीचे सामने भरवून त्याने पैसा उभा केला. 6 एप्रिल 1970 ला, वयाच्या 36 व्या वर्षी स्टोक्स गेला. त्याला मूठमाती मिळाली ती पिट्सबर्गला नव्हे, ज्या सिनसिनाटीत तो खेळला तिथेही नव्हे. त्याच्याच इच्छेनुसार त्याला लोरेटोला आणलं आणि फ्रायरांच्या रांगेत पुरलं. आजचं क्रीडाकेंद्र त्याच्याच नावाचं आहे.

विरोधकांचा सर्वांत भेदक प्रश्न इथेच येतो. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. तिसऱ्या पंगतीत क्रीडा-शिष्यवृत्तीच नाही, मग उद्याचा स्टोक्स लोरेटोला येईल कशाला? गरीब घरातला, शहरी शाळेतला, काळा मुलगा आणि कॉलेजशिक्षण यांच्यामधला पूल बहुतेक वेळा चेंडूच असतो. तो पूल तुम्ही पाडलात आणि वर त्याला मूल्यं म्हणता? पुस्तकी उत्तराने या आक्षेपाचं समाधान होत नाही. ‘गरजेनुसार आर्थिक मदत मिळेलच’ हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असतं, आणि फीचं बिल हातात पडलं की त्याचा अर्थ कळतो.

पण आजच्या पहिल्या पंगतीत स्टोक्सचं काय झालं असतं, तेही बघू या. पहिल्या वर्षी तो चमकला असता. एप्रिलमध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ उघडलं असतं. खेळाडूने नाव नोंदवायचं, आणि कुठल्याही कॉलेजने त्याला फोन करायचा. मे महिन्यात स्टोक्स एखाद्या मोठ्या विद्यापीठात दाखल झाला असता, कारण तिथे त्याला पैसे मिळाले असते, आणि ते त्याने का घेऊ नयेत? मी त्याचा काका असतो तर मीच त्याला म्हटलं असतं, जा बाबा. खेळाडूला दोष द्यायचं काहीच कारण नाही. लोरेटोच्या वाट्याला मात्र रोपवाटिकेचं काम आलं असतं: रोप लावा, पाणी घाला, तरारलं की दुसऱ्याच्या बागेत पाठवा. आणि जो चमकला नाही, ज्याला पोर्टलवरून कुणी फोन केला नाही, त्याचं काय? त्याच्या जागी प्रशिक्षकाने त्याच पोर्टलवरून दुसरा कुणी आणलेला असतो. शिष्यवृत्तीचा पूल कागदावर उभा राहतो, पण त्यावरून पलीकडे पोचतात किती, हा वेगळा प्रश्न. ज्या बंधामुळे एक माणूस मेल्यावर कॉलेजच्या मातीत यायला मागतो, तो चार वर्षांच्या सहवासात तयार होतो. नऊ महिन्यांच्या भाडेकराराला तसं फळ येत नाही.

जे पावित्र्याची भाषा बोलतात त्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइटांचं, म्हणजे आणखी एका कॅथलिक पंथाचं, लहान कॉलेज. 1951 साली त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नऊपैकी नऊ सामने जिंकला. दक्षिणेतल्या बड्या स्पर्धांना संघ हवा होता, पण ओली मॅट्सन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू नको होते. संघाने नकार दिला. स्पर्धेचा पैसा आला नाही आणि तोट्यातला फुटबॉल त्याच हंगामानंतर बंद झाला. खेळाडूंना दिलेला शब्द पाळण्याची किंमत काय असते, ती तिथे रोख मोजली गेली. याच विद्यापीठाने 1955 आणि 1956 मध्ये बिल रसेलच्या बळावर बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आणि याच विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन लो स्कियाव्हो यांनी जुलै 1982 मध्ये स्वतःहून बास्केटबॉल संघ बंद करून टाकला. कारणांपैकी एक असं, की एका अव्वल खेळाडूला कॉलेजचा एक हितचिंतक न केलेल्या कामाचे पैसे देत होता. तीन वर्षांनी, 1985 मध्ये, संघ पुन्हा सुरू झाला.

आता यातली गंमत पाहा. खेळाडूला पैसे मिळाले या कारणावरूनही 1982 साली फादरनी सगळा संघ मोडीत काढला; खेळाडूला पैसे देणं आज नियमात बसतं. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात खेळाडूंच्या बाजूने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला; त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकून कमावायची मुभा मिळाली; आणि 6 जून 2025 ला हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाल्यावर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. यात मला काहीच अपवित्र वाटत नाही. ज्यांच्या घामावर प्रशिक्षक कोट्यधीश झाले, त्यांना ‘हौशी’ म्हणत फुकट राबवण्याचा काळच जास्त अपवित्र होता. पण मग खेळाडू हा कामगार झाला, आणि कॉलेज मालक. मालकाची ऐपत नसताना कारखाना चालवला की काय होतं, हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय त्या तडजोडीतली जुन्या खेळाडूंची 2.8 अब्ज डॉलरची भरपाई, तिचा काही भाग लहान कॉलेजांच्या वाट्याच्या रकमेतून दहा वर्षं कापला जाणार आहे. लोरेटोसारख्यांनी ते पैसे कमावलेही नव्हते आणि बुडवलेही नव्हते. पंगतीत जेवले कोण आणि वर्गणी भरतंय कोण!

प्रसिद्धीचा मुद्दा अनेकांना बिनतोड वाटतो. गोन्झागाचं उदाहरण प्रत्येक विश्वस्ताला पाठ असतं: वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचं जेझुइट कॉलेज, 1999 मध्ये अचानक शेवटच्या आठांत पोचलं, तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत आहे, 2017 आणि 2021 ला अंतिम सामना खेळलं. रोडावलेली विद्यार्थिसंख्या फुगली, नव्या इमारती आल्या. हे खरं आहे आणि मोठं आहे. पण लॉटरीच्या दुकानात बक्षीस लागलेल्याचा फोटो लावतात. न लागलेल्यांचे लावायला भिंत पुरणार नाही. गोन्झागापेक्षा जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सची कथा मला जास्त बोलकी वाटते. हेही जेझुइटांचंच, 1872 चं. 2022 मध्ये या कॉलेजने केंटकीला हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत जाण्याची ती पहिलीच वेळ. दहा दिवस सगळी अमेरिका त्यांच्या मोरांवर फिदा होती (मोर हे संघाचं बोधचिन्ह). मग नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना वीस गुणांनी हरवलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, आणि खेळाडूही एकेक करत पांगले. सीटन हॉल कुठलं? काही मैलांवरचंच, न्यू जर्सीतलंच, आणि कॅथलिकच! धाकट्या भावाच्या ताटातलं मोठ्याने उचललं. सेंट पीटर्स 2024 मध्ये पुन्हा स्पर्धेत पोचलं, हे न सांगणं अन्याय होईल. चिवट माणसं आहेत. पण 2022 चा तो संघ एकत्र राहिला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच कधी कळणार नाही, त्या मुलांनाही नाही.

‘एकदा उठलात की संपलात’ असंही म्हणतात. याला इतिहासाचा आधार नाही, उलट आहे. फुटबॉलच्या खर्चाने आणि टीव्हीच्या आगमनाने 1950 च्या दशकात कॅथलिक कॉलेजांची अशीच कोंडी झाली होती. जॉर्जटाउनने 1951 मध्ये फुटबॉल सोडला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराने 1952 च्या हंगामानंतर. जेमतेम दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऑरेंज बोल हा मानाचा सामना जिंकला होता. ज्या फोर्डहॅमच्या फळीत पुढे नामवंत प्रशिक्षक झालेला व्हिन्स लोम्बार्डी खेळला, तिथे 1954 नंतर, आणि मार्केट (Marquette) विद्यापीठात 1960 च्या अखेरीस फुटबॉल बंद पडला. तेव्हाही माजी विद्यार्थी चिडले होते, तेव्हाही ‘इज्जत गेली’ हाच शब्द होता. पुढे मार्केट 1977 ला आणि जॉर्जटाउन 1984 ला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेते झाले. यातलं एकही कॉलेज फुटबॉल सोडला म्हणून मेलं नाही. यावर कुणी म्हणेल, एक खेळ सोडणं वेगळं आणि सगळी पंगत सोडणं वेगळं. कबूल. पण तत्त्व तेच आहे: स्पर्धा म्हणून सुरू झालेली गोष्ट शस्त्रस्पर्धा झाली, की तिच्यातून बाहेर पडणाऱ्यालाही खेळत राहता येतं.

आणि तिसऱ्या पंगतीला खालची समजणाऱ्यांनी इमॅक्युलाटाची कथा एकदा तरी ऐकावी. फिलाडेल्फियाजवळचं नन्सचं मुलींचं कॉलेज. 1967 मध्ये त्यांचं क्रीडागृह जळून गेलं. कॅथी रश नावाच्या तरुण प्रशिक्षिकेला वर्षाला 450 डॉलर पगार. 1972 मध्ये महिला बास्केटबॉलची पहिली खरीखुरी राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयमध्ये ठरली. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून मुलींनी टूथब्रश विकले, आणि परवडल्या तेवढ्या आठच खेळाडू गेल्या. सोळा संघांत त्यांना पंधरावं मानांकन होतं. अंतिम फेरीत गाठ वेस्ट चेस्टरशी, ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना 32 गुणांनी धुतलं होतं. इमॅक्युलाटाने सामना 52-48 असा जिंकला. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांचंच. घरच्या सामन्यांना नन्स बादल्या बडवत बसायच्या. 22 फेब्रुवारी 1975 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्यांदाच महिलांचा कॉलेज सामना झाला, तो इमॅक्युलाटा विरुद्ध क्वीन्स. बारा हजारांच्या आसपास माणसं आली होती. त्यानंतर मोठी विद्यापीठं शिष्यवृत्त्यांच्या थैल्या घेऊन उतरली आणि लहान कॉलेजं बाजूला सारली गेली, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी हाच पूर. आज इमॅक्युलाटा तिसऱ्या पंगतीत खेळते. पण त्या संघातल्या तेरेसा ग्रेन्ट्झ 1992 च्या ऑलिंपिक संघाच्या प्रशिक्षिका झाल्या, मेरीअॅन स्टॅन्लींनी ओल्ड डोमिनियनला राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. टूथब्रश विकण्याचा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवले. गोष्ट 1952 च्या ऑलिंपिकची, ज्यात कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. आपल्या या विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवता यावं म्हणून प्राचार्यांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. कॉलेज आणि खेळाडू यांच्यात काय देणं लागतं, याचा हिशेब त्या माणसाला कुणी न शिकवताच येत होता.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. तिसरी पंगत म्हणजे साधुसंतांची बैठक, असं जे चित्र रंगवलं जातं ते खोटं आहे. तिथे खेळाडूला शिष्यवृत्ती नाही, म्हणजे खेळाडू फी भरतो. लहान कॉलेजांचं गणित उघड आहे: प्रशिक्षक हा निम्मा प्रवेश-अधिकारी असतो, फुटबॉलच्या संघात शंभर मुलं घेतली की शंभर जागा भरतात, त्यातली बरीच मुलं सामन्यात कधीच उतरत नाहीत. गुणवत्तेच्या नावाखाली फीत सूट दिली जाते ती कधीकधी निम्म्याहून जास्त असते. यातही मुलाला वापरणं आहेच, फक्त जरा गोड बोलून. आणि तिसरी पंगत कुणाला वाचवेल याची खात्री नाही. कॅब्रिनी हे फिलाडेल्फियाजवळचं कॅथलिक कॉलेज 2019 मध्ये डिव्हिजन थ्रीचं लॅक्रॉसचं (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) विजेतेपद जिंकलं आणि 2024 मध्ये बंद झालं. अलाबामातलं मेथडिस्टांचं बर्मिंगहॅम-सदर्न तर लोरेटोसारखंच पहिल्या पंगतीतून तिसरीत आलं होतं. 31 मे 2024 ला त्यांच्या कॉलेजला कायमचं कुलूप लागलं, आणि त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेचा सामना खेळत होता. नसलेल्या कॉलेजचे गणवेश घालून. तेव्हा ‘खाली उतरलो, आता वाचलो’ असं लोरेटोच्या विश्वस्तांनी समजू नये.

निर्णय ज्या घाईत आला, त्याचाही बचाव मला करता येत नाही. ज्या मुलांना चार वर्षांचा शब्द देऊन आणलं, त्यांनी स्पर्धेतून परत येऊन बॅगा उघडल्या न उघडल्या तोच ही बातमी. त्याच सुमारास प्रशिक्षक रॉब क्रिमेलही निवृत्त झाले. याच कॉलेजात शिकलेला, इथेच खेळलेला आणि सारी कारकीर्द इथेच घालवलेला माणूस. शब्द पाळता येत नाही म्हणून पंगत सोडायची आणि सोडताना समोरच्यांना दिलेला शब्दच सैल करायचा, ही विसंगती आहे. जुन्या खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या त्यांची पदवी होईपर्यंत चालू राहतात का, आणि त्यानंतर तो पैसा कुठे जातो, या दोन प्रश्नांवर मी तरी या निर्णयाची परीक्षा घेईन. पिट्सबर्गच्या होमवुडसारख्या गरीब वस्तीतल्या मुलांच्या फीसाठी तो वेगळा ठेवला, चेंडू नीट टाकता येवो न येवो, तर मी लोरेटोला शंभरपैकी शंभर देईन. तो नव्या स्वागतकक्षाच्या काचांमध्ये गेला, तर फराळाला भेटलेले ते गृहस्थ बरोबर होते असं मला मान्य करावं लागेल.

तसं पाहिलं तर उलट दिशेची गर्दीच मोठी आहे. मॅसॅच्युसेट्सचं स्टोनहिल 2022 मध्ये, सिराक्यूजचं ल मॉयन 2023 मध्ये, ईरीचं मर्सीहर्स्ट 2024 मध्ये, तिन्ही कॅथलिक, तिन्ही लहान, आणि तिन्ही दुसऱ्या पंगतीतून पहिलीत आली, तीही लोरेटोच्याच नॉर्थईस्ट कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स किंवा परिषद म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). मिनेसोटाचं सेंट थॉमस तर तिसरीतून थेट पहिलीत गेलं. त्यांच्या जुन्या परिषदेने ‘तुम्ही फारच जिंकता’ म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. त्या विश्वस्तांना मूर्ख म्हणणार नाही; प्रत्येकाच्या गावाचं गणित वेगळं असेल. पण एकाच वाड्याच्या एका दारातून माणसं घाईघाईने आत शिरत असताना दुसऱ्या दारातून यजमानांपैकीच एक जण चपला शोधत बाहेर पडत असेल, तर आत शिरणाऱ्यांनी क्षणभर थांबून त्याला विचारायला काय हरकत आहे?

या फेब्रुवारीत मी लोरेटोला एक सामना बघायला गेलो, पहिल्या पंगतीतल्या शेवटच्या काही सामन्यांपैकी एक. साडेतीन हजार माणसं मावतील असं क्रीडागृह, त्यात अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. तिकिटाच्या टेबलाशी लोकरीची टोपी घातलेल्या एक आजी होत्या. हातावर शिक्का मारताना त्यांनी माझं तिकीट दोनदा वाचलं, बहुधा चष्मा बदलायला झाला असावा. मी विचारलं, पुढच्या वर्षीपासून वाईट वाटेल ना? त्या म्हणाल्या, वाटेल की, चाळीस वर्षं येतेय. मग पॉपकॉर्नची पिशवी पुढे सरकवत त्यांनी सांगितलं की त्यांचा नातू लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंटला शिकतो, तिथल्या संघात आहे, बहुतेक बाकावरच बसतो. ते बेनेडिक्टिनांचं कॉलेज तासाभरावर आहे आणि लोरेटो आता त्याच परिषदेत जातंय. ‘‘तो या हॉलमध्ये खेळायला येईल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि मी कुणाच्या बाजूने बसायचं ते अजून ठरलेलं नाही.’’